गुंडाळीतली चौकशीताई

चौकशीताईला भूक लागली की ती प्रश्न विचारायला लागायची. "ह्यात काय काय घातलंय? तेल कुठलं? ह्या तव्यावर आधी काय परतलं होतं? चमचा धुतला होता की नुसता पुसला होता?" समोरचा माणूस हसला तरी ती हसायची नाही, चिडला तरी चिडायची नाही. उत्तर मिळेपर्यंत हात मागे बांधून उभी राहायची. धुतला आणि पुसला ह्या दोन शब्दांच्या मध्ये तिचा जीव असायचा, आणि हे मी उगाच वाढवून सांगत नाही. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचा घसा सुजून बंद व्हायचा. तिचं खरं नाव वेगळं होतं, छान होतं. पण वाखनिंगनमधल्या आम्हा मूठभर मराठी मुलामुलींसाठी ती चौकशीताई होती, आणि तिनेही ते नाव तक्रार न करता घेतलं होतं.

वाखनिंगन म्हणजे नेदरलँड्समधलं एक छोटं विद्यापीठाचं गाव. गावाला रेल्वे स्टेशन नाही. खाली नदी, वर बांध, आणि मध्ये सायकलींवरून पळणारी जगभरची मुलं. मी चिंचवडहून तिथे एमएससी करायला गेले तेव्हा ताईची पीएचडी निम्मी झाली होती. आमच्या वसतिगृहात एका मजल्याला एकच स्वयंपाकघर होतं. पहिल्याच आठवड्यात मी तिथे आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी उघडून बसले होते, तेव्हा दारात ती दिसली. कुरळे केस, जाड चष्मा, गळ्यात मफलर. मराठी चेहरा बघून मला इतका आनंद झाला की मी डबा पुढे केला. "या ना, घ्या. घरची चटणी आहे. शेंगदाण्याची." साप दिसल्यावर माणूस मागे सरकतो तशी ती मागे सरकली. मग शांतपणे म्हणाली, "आधी ते झाकण लाव. मग हात धू, साबणाने. पाण्याने नुसते नाही, साबणाने. मग आपण ओळख करून घेऊ."

ओळख झाली ती तिच्या खोलीत. मला वाटलं होतं चहा मिळेल. चहाही मिळाला, पण त्याआधी तिने माझ्या हातात एक जाडसर पेन ठेवलं. लिहायचं नव्हे, इंजेक्शनचं. त्यात सुई नव्हती, ते सरावासाठी होतं. खरी दोन पेनं तिच्या खांद्यावरच्या पिशवीत, पुढच्या कप्प्यात असायची, आणि ती पिशवी ती बाथरूमला जातानाही सोबत न्यायची. "माझ्याशी मैत्री करायची असेल तर हे आधी शिकावं लागेल," ती म्हणाली. "निळं टोपण वर, ते उपटायचं. नारिंगी टोक माझ्या मांडीला, बाहेरच्या बाजूने. कपड्यावरूनच. जोरात. खट् आवाज आला की तिथेच धरून ठेवायचं आणि हळूहळू अंक मोजायचे. कर बघू." मी माझ्याच मांडीवर दोनतीनदा केलं. मला हसू येत होतं. तिने मला हसू दिलं, आणि मग म्हणाली, "आता घाबरून कर. त्या वेळी तू घाबरलेली असशील."

ती भुसावळची. ज्या घरात चतुर्थीला खिचडीत कूट, रोजच्या भाजीत कूट, आल्यागेल्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे, त्या घरात ही जन्मली. लहानपणी तिने दाण्याला तोंड वेडंवाकडं केलं की सगळे म्हणायचे, नखरे आहेत. अंगावर गांधी उठल्या तर म्हणायचे, पित्त आहे. एका लग्नात तिच्या मावशीने नखरे मोडायचे म्हणून नारळाची वडी सांगून दाण्याची वडी भरवली. मंडपातून तिला उचलून दवाखान्यात नेलं तेव्हा ती निळी पडली होती. मावशी वाईट नव्हती. नंतर कितीतरी दिवस ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होती, असं ताईच सांगायची. पण त्या दिवसापासून दोन गोष्टी झाल्या. एक, ताईने माणसांच्या शब्दावर खाणं सोडलं. दुसरी, घरच्यांनी घाबरून तिचं पान वेगळं केलं. वेगळी चूल, वेगळी भांडी, मागची खोली. शाळेत असताना, कॉलेजात असताना, सणावाराला ती मागच्या खोलीत दार लोटून जेवली. "माझा भाऊ पलीकडे सगळ्यांबरोबर हसत जेवायचा, त्याचा आवाज यायचा," एवढंच ती त्याबद्दल बोलायची.

आणि शेंगदाण्यापासून पळून ती आली कुठे, तर नेदरलँड्सला! इथे लोक सकाळी ब्रेडला शेंगदाण्याचं लोणी फासतात, बटाट्याच्या चिप्सवर शेंगदाण्याची दाट आमटी ओततात, आणि आमच्या स्वयंपाकघरातला उंच डच मुलगा तीच सुरी पुसून पुन्हा जॅममध्ये घालायचा. ताई डच शिकली नाही, पण "झिट हीर पिंडा इन?" म्हणजे "ह्यात शेंगदाणा आहे का?" हे वाक्य ती इतकं सफाईने म्हणायची की समोरचे तिच्याशी पुढे भराभर डचमध्ये बोलायला लागायचे. दिवाळीला आम्ही सगळे जमलो की ती येऊन बसायची, गप्पा मारायची, आणि स्वतःच्या डब्यातलं खायची. एकदा कुणीतरी म्हणालं, "अगं, चिमूटभरच कूट आहे, तेवढ्याने काय होतंय?" ताई चटकन उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं रागावली. जवळ गेले तर तिचे हात गार पडले होते.

मग ती जेवायला बाहेर कुठे जायची? एकाच ठिकाणी. बाजारचौकाच्या मागच्या गल्लीत बरीटोचं एक स्वस्तातलं दुकान होतं. मोजकी टेबलं, एकमेकांशी न जुळणाऱ्या खुर्च्या, भिंतीवर विद्यार्थ्यांनी चिकटवलेली सायकली विकण्याची चिठोरी. दुकानाला नाव होतं, पण आम्ही त्याला गुंडाळी म्हणायचो. मोठ्या पोळीत भात, राजमा, भाजी, कोथिंबीर, आंबटतिखट चटण्या घालून घट्ट गुंडाळी करून हातात देणार. पोट भरणार आणि खिसा रिकामा होणार नाही. ताईला ते दुकान आवडायचं त्याचं कारण मात्र चव नव्हतं. "इथे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं," ती म्हणायची. "आत जाऊन कुणी काही आणत नाही. काचेपलीकडे भांडी मांडलेली, त्यातलं उचलतात, पोळीवर घालतात. मी नजर हलवली नाही तर मला सगळं दिसतं."

दुकान चालवायचा रूबेन. बाप डच, आई मेक्सिकन, अंगाने दांडगा, आणि आवाज मात्र अगदी हळू. पहिल्यांदा ताईने प्रश्नांची फैर झाडली तेव्हा तो हसला नव्हता. त्याने हातमोजे काढून टाकले, हात धुतले, नवे घातले, फळी बदलली, आणि मग म्हणाला, "आता सांग, काय घालू?" त्या दिवशी ताई बाहेर आल्यावर मला म्हणाली होती, "ह्या माणसाने नुसतं उत्तर दिलं नाही गं, त्याने करून दाखवलं." तेव्हापासून दर शनिवारी दुपारी आम्ही दोघी गुंडाळीत. ती आत आली की रूबेन मान हलवायचा आणि हातमोजे काढायला लागायचा.

पण तिथेही पहिला घास घेतला की ती थांबायची. गुंडाळी कागदावर ठेवायची, हात मांडीवर घ्यायची, आणि गप्प बसायची. तिची जीभ आतून ओठांवर फिरताना दिसायची. अंधारात कुणाच्या पावलांचा कानोसा घ्यावा तशी ती स्वतःच्या घशाचा कानोसा घ्यायची. मी त्या वेळात काही बोललेलं तिला चालायचं नाही. मग ती एक लांब श्वास सोडायची आणि म्हणायची, "आलं नाही. चल, जेवू." पुढे मग ती भरभरून जेवायची, बोटं चाटायची, तिच्या गाईडच्या नकला करायची. मी एकदा तिला विचारलं, "इतकी भीती वाटते तर खोलीतच का नाही जेवत?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच प्रश्न लागला. "खोलीत एकटीने जेवायचं, तर ते भुसावळलाही चाललं होतं की," ती म्हणाली.

त्या शनिवारी पाऊस नव्हता, ऊन होतं, दुकान भरलेलं होतं. रूबेनने नेहमीप्रमाणे हातमोजे बदलले, फळी बदलली. ताईने नेहमीप्रमाणे विचारलं, त्याने नेहमीप्रमाणे सांगितलं. आम्ही खिडकीशी बसलो. तिने पहिला घास घेतला, गुंडाळी खाली ठेवली, आणि थांबली. मी बाहेरच्या सायकली बघत होते. तिचा लांब श्वास ऐकू यायची वाट बघत होते. तो आला नाही.

"मीनल," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "ओठ चरचरतायत. इकडे बघ. इकडेतिकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. पेन काढ."

मी पिशवीला हात घातला आणि पुढच्या कप्प्याची चेन मला उघडता येईना. रोज बघितलेली चेन. ताईचा वरचा ओठ माझ्या डोळ्यांसमोर जाड होत चालला होता. तिने स्वतः हात पुढे केला, पण तिची बोटं इतकी थरथरत होती की पिशवीच खाली पडली. मी गुडघ्यांवर बसले, चेन ओढली, पेन हातात आलं, आणि त्या क्षणी माझं डोकं पार रिकामं झालं. कुठलं टोक कुठे? निळं खाली की नारिंगी? उलटं धरलं तर सुई माझ्याच अंगठ्यात जाईल, तिचं औषध वाया जाईल, एवढंच दिसत होतं. ताई खोकत होती. खोकल्यामागून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. तिने माझं मनगट पकडलं, आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "निळं... वर." बाकीचं माझ्या हाताला आठवलं. टोपण उपटलं, नारिंगी टोक तिच्या जीन्सवरून मांडीत रोवलं. खट् झालं. मी अंक मोजायला लागले, मोठ्याने, मराठीत, आणि सगळं दुकान गप्प होऊन ऐकत होतं.

रूबेन काउंटरवरून उडी मारल्यासारखा बाहेर आला. त्याच्या लक्षात आलं होतं. तोच फोनवर डचमध्ये ओरडून पत्ता सांगत होता. मी ताईला जमिनीवर भिंतीला टेकवून बसवलं, पाय लांब करून. कुणीतरी दयेने तिला उभं करून बाहेर हवेत न्यायला आलं, तेव्हा ती जिवाच्या आकांताने मान हलवायला लागली. उभं केलं तर रक्तदाब पडतो, हे तिने मला शिकवलं होतं. मी त्या माणसाला ढकललंच. मराठीत ओरडले, "हात लावू नका तिला!" त्याला अर्थ कळला असावा. ताईचा चेहरा सुजून दुसऱ्याच कुणाचा झाला होता. डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या, आणि त्या फटींतून ती माझ्याकडे बघत होती. दुसरं पेन माझ्या हातात होतं. पहिल्याने उतार पडला नाही तर काही मिनिटांनी दुसरं द्यायचं असतं. किती मिनिटं झाली? मला वेळ कळतच नव्हती. मी तिच्या छातीकडे बघत होते आणि प्रत्येक श्वासानंतर मला वाटत होतं, हा शेवटचा. त्या भीतीला मला आजही शब्द सापडत नाहीत. 

टोपण उपटणार तेवढ्यात भोंगा ऐकू आला. ॲम्ब्युलन्समधून एक बाई आणि एक पुरुष उतरले, त्यांनी माझ्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं आणि पुढचं सगळं हातात घेतलं. त्या बाईने मला पेशंटचं पूर्ण नाव विचारलं. आणि मला ताईचं आडनाव आठवेना. दोन वर्षं जिच्याबरोबर जेवत होते तिचं आडनाव. मी नुसती "ताई, ताई" म्हणत राहिले, आणि त्या बाईने लिहून घेतलं, "ताई."

ती वाचली. ॲलर्जीचा झटका पुन्हा येऊ शकतो म्हणून शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये तिला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. संध्याकाळी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा चेहऱ्याची सूज बरीच उतरली होती. ताईने मला माझी ओढणी मागितली, हॉस्पिटलच्या कपड्यांवरून गुंडाळून घेतली, दिवा मागे येईल असा फोन धरला. "जेवलीस का माय?" पलीकडून प्रश्न. "जेवले," ताई म्हणाली. "मीनल आहे बरोबर. जेवलो आम्ही पोटभर." फोन ठेवल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं.  मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले, आणि हाताखाली श्वास चालू आहे ना, ते बघत राहिले.

काय झालं होतं ते रूबेननेच दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. त्या आठवड्यात त्याने तेलातली एक नवी तिखट चटणी ठेवायला सुरुवात केली होती. तिच्यात भरडलेले शेंगदाणे होते. आमच्या आधीच्या गिऱ्हाइकाला ती वाढताना घाईत तोच चमचा राजम्याच्या भांड्यात गेला. हातमोजे बदलले, फळी बदलली, आणि चमचा राहिला. एवढा दांडगा माणूस खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं. ताईने त्याला दोष दिला नाही. "चटणी नवी आली का, हा प्रश्न मी विचारत नव्हते," ती म्हणाली. "आता विचारीन." रूबेनने मान हलवली. "नको. तू आता माझ्याकडे खाऊ नकोस. चटणी मी टाकून दिली. पण तू आत आलीस की माझे हात थरथरतील. मला जमणार नाही."

मला वाटतं, त्या दिवसांत ताईला खरी इजा झाली असेल तर ती ह्या वाक्याने. कारण रूबेन एकटा नव्हता. वसतिगृहातला तो उंच डच मुलगा आता ती स्वयंपाकघरात आली की आपलं ताट उचलून निघून जायचा, भल्यासाठीच. मराठी मंडळींनी पाडव्याला तिला बोलावलंच नाही. "उगाच धोका कशाला," असं एकीने मला कानात सांगितलं. आणि मी? मी तर सगळ्यांच्या पुढे गेले होते. शेजारच्या सीटवर कुणी चॉकलेट खात असलं तरी बसमध्ये मी उठून जागा बदलायची. दिवसातून चारदा मी ताईला मेसेज करायची, "काय खाल्लंस? बरी आहेस ना?" तिचं उत्तर यायला उशीर झाला की मी लॅबमधून उठून सायकल हाणत तिच्या दारात. एकदा अशीच धापा टाकत गेले, तर ती खोलीत एकटी खिचडी खात होती. समोर लॅपटॉप, दार लोटलेलं. तिने चमचा खाली ठेवला.

"बस," ती म्हणाली. "एक सांगू? माझी भीती मला सांभाळता येते. लहानपणापासून आहे, तिच्या सगळ्या खोडी मला माहीत आहेत. तुमची भीती मला नाही सांभाळता येत गं. तुम्ही सगळे घाबरलात की मी पुन्हा मागच्या खोलीत जाऊन पडते."

 तिनेच विचारलं, "शनिवारी येशील? गुंडाळीत?"  नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तिच्या समोरची ती एकटी खिचडी दिसली आणि मी हो म्हणाले.

आम्ही दुपारची जेवणाची वेळ उलटून गेल्यावर गेलो. दुकान रिकामं होतं. रूबेनने आम्हाला पाहिलं आणि खरंच एक पाऊल मागे झाला. ताई सरळ काउंटरपाशी गेली आणि तिने ते सरावाचं पेन काचेवर ठेवलं. "रूबेन, मी आज खायला आले नाही. तू फक्त हे शीक. आवडलं नाही तर मी परत येणार नाही." त्याने पेनाकडे पाहिलं. मग बाहेर आला, खुर्चीवर बसला. त्याचे ते मोठाले हात इतके कापत होते की पेन दोनदा खाली पडलं. ताई त्याच्यासमोर उकिडवी बसून सांगत होती, निळं वर, नारिंगी मांडीला, आणि तो लहान मुलासारखा पुटपुटत होता. अखेर खट् झालं. त्याने अंक मोजले. "माझे हात अजून थरथरतायत," तो म्हणाला. "माझेही," ताई म्हणाली. "थरथरत्या हाताने येतं ना? मग झालं."

तो उठला. त्याने काचेमागची सगळी भांडी उचलून आत नेली, नवी आणली, चमचे उकळत्या पाण्यात टाकले. आम्ही कितीतरी वेळ उभ्या होतो. मग त्याने एक गुंडाळी केली, साधी, भात, राजमा आणि कोथिंबीर, आणि काउंटरवर न ठेवता टेबलापर्यंत घेऊन आला. ताईने प्रश्न विचारले, सगळे, नव्या प्रश्नासकट. त्याने उत्तरं दिली. तिने घास घेतला आणि थांबली.

रूबेन उभा होता. मी बसले होते. खरं पेन माझ्या मुठीत होतं, आणि मूठ टेबलाखाली. मला तिचे ओठ दिसत होते, फक्त ओठ, बाकी दुकान नव्हतंच.  तो वेळ मी पुन्हा जगायला तयार नाही. मग तिने लांब श्वास सोडला. "आलं नाही," ती म्हणाली. "चल, जेवू." रूबेन काउंटरमागे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी माझी गुंडाळी उचलली, पण घास गिळवेना. ताईने तिची शेवटपर्यंत संपवली, बोटं चाटली, आणि माझी उरलेलीही कागदात बांधून घेतली.

ताईला पीएचडी मिळाली तेव्हा भुसावळहून तिच्या आई, म्हणजे आमच्या काकू, आल्या. पहिलाच विमानप्रवास. उतरल्यावर कळलं की बाईंनी वाटेत काहीच खाल्लं नव्हतं. आपल्या तोंडाला काही लागलं आणि लेकीला जवळ घेतलं तर, म्हणून. ताईने त्यांना गुंडाळीत आणलं. तोपर्यंत काकूंना हॉस्पिटलची गोष्ट सांगितलेली होती. त्या लाकडी खुर्चीवर पदर सावरून ताठ बसल्या होत्या, नजर रूबेनच्या हातांवर. गुंडाळी टेबलावर आली तशी त्यांनी ती ताईच्या हातातून काढून घेतली.

"आई, अगं तू खाऊन काय कळणार? तुला थोडंच काही होतंय?"

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "तरी आधी मी खाते."

त्यांनी घास घेतला, डोळे मिटले, आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या.  मग डोळे उघडून त्यांनी गुंडाळी लेकीला दिली आणि खुर्ची तिच्या जवळ ओढून घेतली. "खा माय. मी बसलेय इथे." ताईने मान खाली घालून घास घेतला. रूबेनने मला विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी त्याला शब्दाला शब्द लावून सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताई न्यूझीलंडला गेली. तिकडे नोकरी मिळाली होती. शेजारच्या एड गावातल्या स्टेशनवर मी तिला सोडायला गेले तेव्हा मला हज्जार सूचना द्यायच्या होत्या, आणि तिने एकही देऊ दिली नाही. "तू आता नीट जेव," एवढं म्हणून ती गाडीत चढली. ती तिकडे बरी आहे. तिला तिथेही चौकशी करून जेवायला घालणारी माणसं मिळाली आहेत. आमचं बोलणं होतं, पण तिचा दिवस तो माझी रात्र, त्यामुळे मेसेजला उत्तर उशिराच येतं. मधल्या वेळात मी काय काय कल्पना करते, ते मी तिला सांगत नाही.

मी आता नेदरलँड्समध्येच, रायस्वाइकला राहते. घरात नवरा, सासूबाई, लेक. आमच्याकडे कुणाला कसलीच ॲलर्जी नाही. डॉक्टरांकडून तपासून घेतलंय, नवरा हसला तरी. तरीही पानं वाढली की मला हात लावता येत नाही. सगळ्यांचा पहिला घास पोटात जातो, लेक बडबड करायला लागते, नवरा लोणचं मागतो, तेव्हा कुठे माझा हात ताटाकडे जातो. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतात, "आमच्या मीनलला किती वळण आहे बघा. सगळ्यांनी सुरुवात केल्याशिवाय घास उचलत नाही." पाहुणे माना डोलावतात.  मी त्या पाहुण्यांच्या ओठांकडे बघत राहते.